मूल किंचाळतं तेव्हा : नाशिकच्या आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे आणि तो मोजकेच शब्द बोलतो. थेरपी सेंटरबाहेरच्या बाकावर माझी दहा वर्षं गेली. त्या बाकावर नवीन आलेली प्रत्येक आई कधी ना कधी हळू आवाजात विचारते, "ताई, तुमचा पण असा ओरडायचा का हो?" तिच्यासाठी हे लिहिलंय. मी डॉक्टर नाही. इथलं काही घरी शिकले, काही थेरपिस्टकडून आणि काही चुका करून. तपासणीची जागा हे लिखाण घेऊ शकत नाही.

मूल एवढं का किंचाळतं?

कारण त्या क्षणी त्याच्याकडे असलेलं सगळ्यात सोपं आणि हमखास चालणारं साधन तेच असतं. पोट दुखतंय, मिक्सरचा आवाज सहन होत नाही, हे काम नको, ते बिस्किट हवं, आई फोनवर आहे आणि माझ्याकडे बघत नाही : आपण हे सगळं वेगवेगळ्या वाक्यांत सांगतो, आपल्या मुलांकडे या सगळ्यासाठी एकच किंकाळी असते. ऑटिझम, मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम असं निदान काहीही असो, बोलण्यात अडचण असेल तर ही गत होते.

म्हणून "ओरडणं बंद कसं करू?" हा प्रश्न मी आधी बाजूला ठेवायला सांगते. किंचाळण्यापेक्षा सोपं असं काय त्याच्या हातात देता येईल, हे शोधायचं. "सोपं" या शब्दावर माझा जोर आहे. किंचाळायला अर्धा सेकंद लागतो. त्याऐवजी आपण जे शिकवू ते त्याहून अवघड असेल, तर मूल किंचाळणंच निवडणार.

हा हट्टच आहे ना? सासूबाई म्हणतात, दोन धपाटे दिले की सरळ होईल.

हट्ट असतो तेव्हा मुलाचं एक लक्ष आपल्याकडे असतं. ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, हवी ती वस्तू मिळाली की गप्प होतं, पडतानाही स्वतःला सांभाळून पडतं. मेल्टडाऊनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हा, यातलं काही नसतं. वस्तू हातात दिली तरी किंचाळणं थांबत नाही, बघणारं कुणी नसलं तरी चालू राहतं, डोकं आपटतं तेही खरंखुरं लागेल असं. वादळ ओसरलं की मूल गळून जातं, कधी झोपी जातं. अशा वेळी ते स्वतःच्या ताब्यातच नसतं. बऱ्याचदा हट्टाने सुरुवात होते आणि पुढे त्याचं मेल्टडाऊन होतं, म्हणून ओळखायला अवघड जातं.

धपाट्याने मूल क्षणभर गप्प होईलही. पण दुखणारं पोट दुखतच राहतं, आणि मोठी माणसं वैतागली की हात उचलतात एवढं मात्र ते नक्की शिकतं. तोंड दाबणं, खोलीत कोंडणं, गदागदा हलवणं हे तर कधीच नको. लहान बाळाला जोरात हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना कामात सामील करून घ्या. आमच्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण माझ्या सासूबाईंचंच आहे. ते पुढे सांगते.

कालपर्यंत ठीक होतं. या आठवड्यात अचानक सुरू झालं. काय झालं असेल?

आधी शरीर तपासा, वागण्याचा विचार त्यानंतर. नव्याने सुरू झालेलं किंवा एकदम वाढलेलं किंचाळणं म्हणजे काहीतरी दुखतंय, असंच धरून चाला. कान, दात, घसा, बद्धकोष्ठता, पित्त वर येणं, लघवीचा जंतुसंसर्ग, डोकेदुखी, आणि वयात येणाऱ्या मुलींमध्ये पाळीच्या आधीचं पोट. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये स्नायू आखडणं आणि खुब्याच्या सांध्याचं दुखणंही बघावं लागतं. औषध नुकतंच बदललं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना तीन आठवडे जेवणाच्या ताटावर किंचाळत होता. एका डॉक्टरांनी त्याला हात न लावताच "लाड कमी करा" असं सांगितलं आणि मी ते ऐकलं. ताट पुढे सरकवत राहिले, डोळे वटारत राहिले. एके दिवशी तो जांभई देत असताना मागच्या दाढेत काळं भोक दिसलं. दाढ काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याने वरणभात गुपचूप खाल्ला. त्या तीन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून डॉक्टरांकडे गेलात की स्पष्ट म्हणा : "कान बघा, तोंड उघडून दात बघा, पोट दाबून बघा." लाजू नका.

दुखणं नाही असं डॉक्टर म्हणाले. मग कारण कसं शोधायचं?

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा : किंचाळण्याच्या लगेच आधी काय घडलं, मूल नेमकं काय करत होतं आणि किती वेळ, आणि त्यानंतर आपण सगळ्यांनी काय केलं. सोबत वार, वेळ, झोप, शौचाला झालं का. दोन आठवडे इमानदारीने लिहिलं तर आकृती दिसू लागते. थेरपिस्ट साधारण चार गटांत कारणं बघतात : काही हवंय, काही नकोय, लक्ष हवंय, किंवा आवाज-उजेड-स्पर्श यांचा त्रास होतोय, कधी मजाही वाटतेय. तिसरा रकाना टाळू नका. किंचाळल्यावर मुलाला काय मिळतं, हे त्या रकान्यातच सापडतं.

आमची गोष्ट सांगते. मुलगा आठ वर्षांचा होता. रोज संध्याकाळी सहा-सव्वासहाला किंचाळायला सुरुवात, चाळीस-चाळीस मिनिटं. मला वाटायचं, बाहेर जायचं असेल. खाली न्यायचे, तो जिन्यातही ओरडायचा. वहीत दहा दिवस झाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, रविवारी नाही ओरडत बघ तो." रविवारी संध्याकाळी त्या पिठलं-भाकरी करतात. त्या दिवशी कुकर लागत नाही.

पण शिट्टी तर साडेसहानंतर व्हायची, हा तर आधीच ओरडायचा! मग मी ओट्यापाशी उभं राहून नीट बघितलं. मी फळीवरून कुकरचं झाकण काढलं, रबर बसवायला लागले, त्या रबराचा "चट" आवाज आला आणि त्याने कानावर हात घेतले. शिट्टीची भीती शिट्टीच्या अर्धा तास आधीच सुरू होत होती. कधी होणार, किती होणार हे माहीत नाही, म्हणून तो आधीपासूनच किंचाळून मोकळा होत होता.

आम्ही काही दिवस कुकर सकाळी, तो शाळेत गेल्यावर लावला. मग हळूहळू : कानाला हेडफोन, हातात कुकरचं चित्र, आणि भिंतीवर तीन मणी अडकवलेला दोरा. एक शिट्टी झाली की एक मणी खाली. तीन झाले की संपलं, गॅस बंद. आवाज तेवढाच होता, पण तो कुठे संपणार हे त्याला कळायला लागलं. दीड-दोन महिने लागले. आता तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला तीन बोटं दाखवतो.

ते सगळं खरं, पण आत्ता या क्षणी किंचाळतोय. आत्ता काय करू?

बोलणं कमी करा. "काय झालं? काय हवंय? गप्प बस, लोक बघतायत" या वाक्यांनी भरच पडते. खाली बसा, आवाज खाली आणा, एकच छोटं वाक्य पुन्हा म्हणा : "मी इथे आहे." टीव्ही, मिक्सर, पंख्याचा खडखडाट बंद. पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा. घट्ट मिठी आवडणारं मूल असेल तरच मिठी, काहींना स्पर्शाने आणखी त्रास होतो.

शिकवणं, समजावणं, "सॉरी म्हण" हे सगळं त्या वेळी फुकट जातं. पाणी द्या, अर्धा तास जाऊ द्या.

"दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल" असं सांगतात. करू का?

दुखतंय, घाबरलंय, आवाज सहन होत नाही अशा वेळी दुर्लक्ष करणं क्रूरपणा आहे. दुर्लक्षाचा उपयोग एकाच ठिकाणी होतो : वहीवरून पक्कं कळलं असेल की फक्त लक्ष वेधायला किंचाळणं चाललंय. तेव्हाही दुर्लक्ष किंचाळण्याकडे, मुलाकडे नाही. ते गप्प असताना, खेळत असताना दर थोड्या वेळाने स्वतःहून जवळ जा. आपण नेमकं उलटं करतो. शांत आहे तोवर कामं उरकून घेतो आणि ओरडलं की धावतो.

एक धोका आधीच सांगते. लक्ष देणं थांबवलं की सुरुवातीचे काही दिवस किंचाळणं वाढू शकतं. चौथ्या दिवशी आजोबांना राहवलं नाही आणि त्यांनी मोबाईल हातात दिला, तर मूल एवढंच शिकतं की आणखी जोरात ओरडलं की मिळतं. घरातले सगळे एकमताने राहणार नसतील तर हा प्रयोग सुरूच करू नका.

पण माझी मुलगी बोलतच नाही. ती सांगणार कशी?

चित्र, खूण, बटण, मोबाईल यातलं जे जमेल त्याने. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्यूरँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हे मुलांसोबत करून दाखवलं. जी मुलं अवघड काम आलं की त्रासदायक वागायची त्यांना "मला समजत नाही" असं म्हणायला शिकवलं, जी कौतुकासाठी तसं वागायची त्यांना "मी बरोबर करतोय का?" असं विचारायला शिकवलं. तसं वागणं कमी झालं. वाक्य कारणाशी जुळणारं असेल तरच ते काम करतं. "नको" म्हणायचं असलेल्या मुलीला "पाणी"चं कार्ड देऊन उपयोग नाही.

माझा अनुभव असा की सगळ्यात आधी "नको" आणि "थांब, सुट्टी हवी" ही दोन कार्डं शिकवावीत. आपण मात्र हौसेने आंबा, सफरचंद, मोर यांच्यापासून सुरू करतो! "नको"चं कार्ड दिलं की पहिले पंधरा दिवस ते लगेच मानायचं. अगदी दात घासणं अर्धवट राहिलं तरी चालेल, मागून पूर्ण करा. कार्ड चालतं हा विश्वास बसला की मग "अजून दोन वेळा, मग बस" असं थोडं थोडं ताणता येतं.

कार्डासाठी खर्च नको. घरातल्या वस्तूंचे फोटो काढा, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट आणि लॅमिनेशन करून घ्या, मागे वेल्क्रो लावा. मोबाईल हाताळता येत असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे अ‍ॅप आहे, चित्रावर बोट ठेवलं की बोलून दाखवतं.

कार्डाची सवय लागली तर बोलायचं राहून जाईल का?

नाही. आजवरच्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही, काही मुलांचं तर थोडं वाढतं.

रात्री झोपेतून किंचाळत उठते.

मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनाने हे कळत नाही. अंग ताठ होणं, डोळे एका बाजूला फिरणं, हात-पाय झटके देणं, नंतर गुंगी येणं यातलं काही असेल तर ती फिट असू शकते. ऑटिझम आणि मतिमंदत्व असलेल्या मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. वर्षाच्या आतलं बाळ एकापाठोपाठ दचकल्यासारखं वाकत असेल आणि नंतर रडत असेल तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक. मुलगी वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत ठीक होती, मग हाताचा वापर आणि शब्द गेले, हात सतत चोळते आणि लांबलचक किंचाळते, असं असेल तर डॉक्टरांना रेट सिंड्रोमबद्दल विचारा. त्याची जनुकीय तपासणी होते.

आनंदाने किंचाळतो. तेही थांबवायचं?

घरात असेल तर ओरडू द्या की! कुठे चालतं आणि कुठे नाही, एवढं शिकवू. आमच्याकडे गच्ची "मोठ्या आवाजाची जागा" आहे.

नाशिकला गणपती, ढोल, रंगपंचमी. आम्ही काय घरात कोंडून राहायचं?

नाशिक ढोल ही आपली शान आहे आणि आपल्या मुलांसाठी तोच सगळ्यात कठीण आवाज आहे, कारण तो कानासोबत छातीतही वाजतो. हेडफोनने कानाचं भागतं, छातीतल्या दणक्याला उपाय अंतराचाच. विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघून मेन रोडने गोदावरीकडे जाते. त्या पट्ट्यात घर असेल तर तो दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला नातेवाइकांकडे काढा. आम्ही सकाळी लवकर, ढोल सुरू होण्याआधी, घरचा गणपती बादलीत विसर्जित करतो. त्याला तो सोहळा आवडतो, कारण पाणी आहे. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याचा जुना हौद) गर्दी आणि अंगावर अचानक पडणारं पाणी असं दोन्ही असतं, तिकडे नेऊ नये असं माझं मत.

कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवसच १२ पर्यंत सूट देऊ शकतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधी घरी बोलवून मूल दाखवा. आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्या वर्षीपासून स्पीकरचं तोंड फिरवून ठेवलं. नाहीच ऐकलं तर ११२ वर पोलिसांना फोन.

२०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद राहतील. थेरपी, औषधं, फिट्सच्या गोळ्या यांची सोय आधीच करून ठेवा. देवळालीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तोफांच्या सरावाचे दिवस वहीत टिपून बघावेत. एका आईला कारण तिथेच सापडलं.

रिक्षात, बसमध्ये, लग्नात ओरडतो. लोक टकामका बघतात.

निघण्याआधी चित्रांनी क्रम दाखवा : आधी रिक्षा, मग दुकान, मग घर. दहा मिनिटांचं काम दहाच मिनिटांत संपवा. द्वारका चौकात संध्याकाळी सातला अडकण्यापेक्षा दुपारी दोनला निघा. लग्नाला अक्षतांच्या वेळी बॅन्ड वाजतो, म्हणून आम्ही आदल्या दिवशी हळदीला भेटून येतो. बघणाऱ्यांसाठी मी एकच वाक्य ठरवून ठेवलंय : "त्याला ऑटिझम आहे, आवाजाचा त्रास होतो, पाच मिनिटांत शांत होईल." बहुतेक लोक मग बाजूला सरकून जागा देतात, पाण्याची बाटली पुढे करतात.

शेजारी सोसायटीत तक्रार करतात.

पेढे घेऊन जा, मुलाला सोबत न्या, काय आहे ते सांगा. किंचाळणं ऐकून "मुलाला मारतायत" असा संशय येणंही स्वाभाविक आहे, त्याचा राग धरू नका. पण कुणी चारचौघांत मुलाचा मुद्दाम अपमान केला किंवा धमकावलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. हे शेवटचं हत्यार, पण ते आहे हे माहीत असू द्या.

शाळेतून रोज फोन येतो, "ओरडतोय, घेऊन जा."

रोज घेऊन गेलात तर किंचाळलं की घरी जायला मिळतं, हे मूल आठवड्यात शिकेल. बाईंना भेटा आणि सुट्टीचं कार्ड शाळेतही ठेवायला सांगा. कार्ड दाखवलं की पाच मिनिटं वर्गाबाहेरच्या ओट्यावर आणि मग परत वर्गात. तुमची वही दाखवा. बाई चिडलेल्या असतील तर त्यांचंही ऐकून घ्या, चाळीस मुलं आणि एक बाई हे गणित सोपं नाही. शाळा काढूनच टाकायला निघाली तर आठवण करून द्या : ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

औषध देऊन शांत करता येतं का?

किंचाळण्याचं असं औषध नाही. ऑटिझममध्ये चिडचिड आणि आक्रमकता फार असेल तर मानसोपचारतज्ज्ञ रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल देतात. काही मुलांना फायदा होतो, पण वजन वाढतं, सुस्ती येते, रक्ततपासण्या कराव्या लागतात. दुखणं तपासून झालंय, वही लिहून झालीय, कार्डं सुरू आहेत आणि तरीही मूल स्वतःला इजा करतंय, अशा वेळी औषधाला नाही म्हणू नका. ओळखीच्या मुलाची गोळी मात्र आपल्या मुलाला कधीही देऊ नका, आणि सुरू असलेली स्वतःहून एकदम थांबवू नका.

नाशिकमध्ये कुठे जायचं?

सुरुवात त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलपासून करा. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन या सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा. त्यानंतर निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळतो, त्यात थेरपीही आहे. विशेष शाळांची नाशिकमध्ये जुनी परंपरा आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली इथे प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, तेही स्वतःच्या मुलासाठी शाळा शोधताना. जी शाळा बघाल तिथे एकच प्रश्न विचारा : "मूल किंचाळलं तर तुम्ही काय करता?" उत्तर देण्याआधी त्या ताई तुमच्या मुलाकडे बघतात का, तेही बघा.

काल मी त्याला मारलं. नंतर रात्रभर रडले.

ये, बस. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीने कधी ना कधी हात उचललाय, मीही. त्याने तू वाईट आई ठरत नाहीस, पण तू पार थकली आहेस हे त्यातून कळतं. तासन्‌तास ती किंकाळी ऐकून कुणाचंही डोकं सुन्न होतं. हात उचलावासा वाटला की मूल सुरक्षित जागी आहे ना एवढं बघ आणि गॅलरीत जा, दोन मिनिटं. तो ओरडू दे. कानात कापूस घालून जवळ बसलीस तरी चालेल, मीही बसते. नवऱ्याला सांग की संध्याकाळचा एक तास त्याचा, आणि त्या तासात तू भांडी घासू नकोस. मनात मरणाचे विचार येत असतील तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर आत्ता फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आज रात्रीपासून काय सुरू करू?

फक्त वही. कार्डं, हेडफोन, दिनक्रमाचा तक्ता हे सगळं पुढच्या महिन्यात. पानावर तीन रकाने आखा, वर उद्याची तारीख घाला आणि वही फ्रिजवर ठेवा. पेन दोऱ्याने फ्रिजच्या हँडलला बांधा, नाहीतर ऐन वेळी सापडत नाही.